अर्थभूमिका
क्रियापदाने सांगितलेल्या घटनेत प्रत्येक नामाचा वाटा कोणता, हे दाखवणारी भाषाविज्ञानातील संकल्पना. पाणिनीने अष्टाध्यायीत अशा भूमिकांसाठी सहा कारके मानली. आधुनिक चर्चेला चार्ल्स फिलमोर यांच्या १९६८ च्या लेखाने वेग आला. भूमिका ओळखताना नुसत्या विभक्तिप्रत्ययावर भिस्त ठेवली की फसगत होते. ‘सुताराने करवतीने फळी कापली’ यात ‘-ने’ दोनदा येतो. पण वाक्यात ‘मुद्दाम’ हा शब्द घातला तर तो सुतारालाच लागू पडतो, म्हणून सुतार कर्ता आणि करवत साधन. ‘फळी कापली गेली’ असे फिरवले तरी फळीची भूमिका बदलत नाही. ‘मला भूक लागली’ मधला ‘मी’ तर काही करतच नाही, फक्त अनुभवतो. भूमिका एकूण किती, यावर एकमत नाही. डेव्हिड डाउटी यांनी १९९१ मध्ये कर्ता आणि कर्म यांच्या दोन आदिरूपांवरच भागवले.