हळदीच्या रंगद्रव्याचा प्रकाश : स्टोक्सच्या अर्कापासून पॉलिमर नॅनोकणांपर्यंत

प्रस्तावना :
हळद ही सांगलीची व्यापारी ओळख होय. सातारा जिल्ह्यातील वाई-कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी हे पीक घेतले जाते. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवे निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. पीक व बाजारपेठ यांच्या या इतिहासासोबत हळदीच्या रंगद्रव्याचाही एक इतिहास आहे. रंगद्रव्य भरलेले प्रकाशमान पॉलिमर नॅनोकण हे त्यातील अलीकडचे प्रकरण होय. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

रंगद्रव्याची ओळख :
१८१५ मध्ये व्होगेल व पेलेतिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. तेच करक्युमिन. त्याची संरचना मात्र १९१० मध्ये निश्चित झाली. दरम्यान १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी काही पदार्थ शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, हे सप्रयोग मांडले आणि या घटनेस ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत हळदीचा मद्यार्कातील सौम्य अर्कही होता. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली असा अर्क धरल्यास त्याचा हिरवट प्रकाश आजही सहज दिसतो.

नॅनोकणांची गरज व रचना :
करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यात त्याचा प्रकाश मंदावतो. ते उन्हात फिकटते आणि अल्कलीत लाल होऊन लवकर विघटन पावते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू बनविणाऱ्यांना हा रंगबदल पूर्वापार ठाऊक आहे.

यावर पॉलिमरचे आवरण हा एक उपाय ठरला. १९८९ मध्ये फेसी व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या पद्धतीत पॉलिमर व आतील द्रव्य ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून ते मिश्रण ढवळत्या पाण्यात सोडतात. द्रावक पाण्यात पसरताच पॉलिमरचे सूक्ष्म कण तयार होतात व द्रव्य त्यांत अडकते. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स व दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिमर नॅनोकणांत बंदिस्त केलेले ‘नॅनोकरक्युमिन’ प्रसिद्ध केले.

कणाच्या जलविरोधी गाभ्यात करक्युमिनचा प्रकाश उजळतो आणि पाण्यातील सुमारे ५५० नॅनोमीटरवरून ५०० नॅनोमीटरकडे सरकतो. म्हणजे सभोवतालचे माध्यम बदलले की रंग बदलतो. रंगद्रव्य प्रमाणाबाहेर भरल्यास रेणू परस्परांचा प्रकाश विझवितात. शेजारी योग्य असे दुसरे रंगद्रव्य ठेवल्यास, फॉर्स्टर यांनी १९४० च्या दशकात स्पष्ट केलेल्या ऊर्जासंक्रमणामुळे, प्रकाश त्या दुसऱ्या द्रव्याच्या रंगाचा होतो. इष्ट रंगाचा प्रकाश मिळविण्याचे तत्त्व ते हेच.

नोंदीचे महत्त्व :
१९९५ मध्ये जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेत पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरीचा अनुभव तेथे पुरेसा ठरला नसता. जुने ग्रंथ व १९५३ चा एक छापील वैद्यकीय लेख असे लिखित पुरावे निर्णायक ठरले.

नॅनोकणांच्या बाबतीतही हा धडा लागू पडतो. हळदीच्या अर्कात एकटे करक्युमिन नसून त्याच्या जवळची आणखी दोन द्रव्ये असतात आणि त्यांचे परस्पर प्रमाण वाण व जमीन यांनुसार बदलते. साहजिकच अर्क भरलेल्या कणाचा प्रकाशही बदलू शकतो. ‘बाजारातील हळद’ एवढीच नोंद ठेवून केलेला प्रयोग दुसऱ्यास तंतोतंत पुन्हा करता येत नाही.

समारोप :
कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्र, शिवाजी विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालये यांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. प्रत्येक नमुन्याचे गाव, वाण, काढणीचे वर्ष, करक्युमिनचे प्रमाण व प्रकाशाचा वर्णपट यांची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही होऊ शकेल. हरिपूरची पेवे बुडाली, तेव्हा साठवणुकीची एक परंपरा खचली. तिच्याविषयी व्यापारी व शेतकरी यांना जे ठाऊक आहे तेही याच नोंदींत यावे. भौगोलिक मानांकनाने नावाचे रक्षण होते. त्या नावामागील द्रव्याचे ज्ञान नोंदविण्याचे काम मात्र येथील अध्यापकांनाच करावे लागेल.