कुंची: न कापलेल्या कापडाची कुळकथा

रामनवमीचे कीर्तन ऐन रंगात येते, दुपारचे बारा वाजतात आणि पाळण्यात एक नारळ ठेवला जातो. त्या नारळाला कुंची घातलेली असते. पाळण्याची दोरी ओढतात, गुलाल आणि फुले उधळतात, सुंठवडा वाटतात. झबले नको, दुपटे नको, हातापायांत बिंदल्या-वाळे नकोत. कुंची चढली की नारळ बाळ होतो. बाळंतविड्यात कितीतरी कपडे असतात, पण देवाला बाळ करायची वेळ आली तेव्हा आपल्या लोकांनी त्यांतून कुंचीच उचलली. ती का, हे कळायला एखादी जुनी कुंची उसवून पाहावी.

जुन्या पद्धतीची कुंची पूर्ण उसवली तर हातात कापडाचा एक सरळ चौकोनी तुकडा येतो. त्याला गळा कापलेला नसतो, बाहीची वळणे नसतात, कळी नसते, पाकळी नसते. पाऊण मीटरभर खण घ्यायचा, सुलट बाजू आत ठेवून उभा दुमडायचा, म्हणजे त्याचे दोन्ही काठ एकमेकांवर येतात. मग वरची आखूड कड शिवून टाकायची. उलटवले की टोपी तयार. शिवण कपाळापासून मागे टोकापर्यंत जाते, दुमड पाठीच्या मध्यावर पडते आणि खणाचे दोन्ही काठ बाळाच्या दोन गालांवरून थेट खालपर्यंत उतरतात. विणकराने जे काठ कापडाच्या कडेला विणले, ते आपोआप चेहऱ्याची महिरप होतात. मागे निघालेल्या टोकाला गोंडा लावायचा, नाहीतर टोक आत ढकलून चार टाके घालायचे. मानेच्या जागी बारीक चुण्या घेतल्या की वर टोपी आणि खाली पाठ झाकणारा सोगा असे दोन भाग पडतात. कात्री लागते ती फक्त लांबी तोडायला.

या हिशेबात मोठे शहाणपण आहे. बाळ वर्षभरात कुंचीबाहेर जाते. तेव्हा टाके उसवायचे, की खण पुन्हा मोकळा. त्याची चोळी होते, नाहीतर पुढच्या बाळाची पुन्हा कुंचीच. अगदी विटला तर वाकळीत जातो. कापड महाग होते, हातमागावर विणलेला एकेक हात मोलाचा होता, अशा काळात ज्या बायकांनी हा घाट बसवला त्यांनी कापडाचा एक धागाही वाया घालवला नाही. शिवणाच्या वर्गात झबल्या-टोपड्याचे कागदी नमुने शिकवतात, ते चांगलेच आहे. पण कात्रीवाचून इतके नेमके बसणारे वस्त्र कुणी शिकवताना मी पाहिले नाही.

कुंचीचे मूळ मला पावसात दिसते. सह्याद्रीच्या अंगाला जून-जुलैत शेतकरी गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात ढकलतो आणि त्याची खोळ डोक्यावर घेतो. डोके झाकते, पाठ झाकते, हात मोकळे राहतात. धनगराच्या घोंगडीची खोळही अशीच, आणि पलीकडे कानडी मुलखात कुरुबांच्या कंबळीचीही तशीच. कुंची म्हणजे हीच खोळ, बाळाच्या मापाची आणि मऊ कापडाची. दुमड सुटू नये म्हणून तिला एक शिवण मिळाली इतकेच. राजवाड्यातल्या कुणा कारागिराने ती शोधली असेल असे मला वाटत नाही. रानात काम करणाऱ्या माणसांनी पावसा-थंडीपासून अंग कसे राखले, त्याच रीतीने घरच्या बायकांनी बाळाला राखले.

आणि राखायचे काय होते, तर डोके. नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते. शरीराच्या एकूण पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथेच असतो. ते उघडे राहिले, त्यातून ओले राहिले, की बाळ भराभर गार पडते. म्हणून जन्मल्याबरोबर बाळ कोरडे करून टोपी घालतात, ते आजच्या प्रसूतिगृहातही. पुढची टाळू भरून यायला साधारण दीड वर्ष लागते. न्हाऊ-माखू घालून, टाळूवर तेल थापून बाळाला धुरी दिली की आजी कुंचीच का मागायची, ते यावरून समजते. टोपडे कानांपाशी संपते. कुंची कान, मान आणि पाठ एका कापडात घेते, आणि बाळ खांद्यावर टाकले तरी जागची हलत नाही.

नव्या कापडाबद्दल आपल्याकडे एक रीत होती. पाचवी, सटवाई होईपर्यंत, पुष्कळ घरांत तर बारशापर्यंत, बाळाच्या अंगाला नवे कापड लावत नसत. आजीच्या विरलेल्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची लंगोट-दुपटी चालत. दृष्ट लागू नये असे कारण सांगत, पण त्यामागे कापडाचे पक्के ज्ञान होते. मागावरून उतरलेल्या सुताला खळ असते, ती टोचते आणि पाणीही लवकर शोषत नाही; शंभरदा धुतलेले लुगडे सायीसारखे होते. कुंचीने ही अडचण सुरेख सोडवली. आतून अस्तर जुन्या लुगड्याचे, बाहेरून खण नवा. बाळाच्या कातडीला घरातले जुने कापड लागते आणि बारशाला जमलेल्या पाहुण्यांना नवे दिसते. अनेक घरांत ही कुंची आत्या आणते. नाव ठेवण्याचा मान तिचा, आणि ज्या वस्त्रात ते नाव कानात सांगायचे तेही तिच्या हातचे.

खण येतो गुळेदगुड्डहून. बागलकोट जिल्ह्यातले हे गाव खण विणते आणि महाराष्ट्र तो चोळीला, ओटीला, परकराला आणि कुंचीला वापरतो. तिथून नैर्ऋत्येला धारवाड, आणि धारवाडची कशिदाकारी म्हणजे कसुती. बायका कसुती ज्या ज्या वस्त्रांवर काढत आल्या, त्यांत इरकली लुगडी आणि खणाच्या चोळ्यांच्या जोडीला मुलांच्या कुंच्या आणि टोपडी आहेत. कानडीत कुंचीला कुंचिगी म्हणतात, टोपड्याला कुलावी. कसुतीचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. कापडाचे धागे मोजून ते घालतात, आधी छापा काढत नाहीत. तुळशीवृंदावन, गोपूर, अंबारीचा हत्ती, रथ, पोपट आणि पाळणाही या टाक्यांनी उठतो. पण कुंचीच्या दृष्टीने मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गाठ न मारण्याची शिस्त. गवंती आणि मुरगी हे टाके उलटसुलट सारखेच दिसतात. दोऱ्याचे टोक टाक्यांतच दडवायचे, गाठ कुठेही ठेवायची नाही. बाळाच्या डोक्याला, गालाला मागून काहीच रुतत नाही. शोभेसाठी पाळलेला हा नियम बाळाच्या कातडीलाही मानवला, आणि म्हणून कुंची आणि कसुतीची ही जोडी टिकली.

कुंची मराठी की कानडी असा वाद कुणी घातला तर मी त्यात पडणार नाही. सोलापूर, विजापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात सुना आणि लेकी दोन्ही भाषांतून ये-जा करत आल्या. लेकीबरोबर बाळंतविडा गेला, आणि माहेरचे टाके सासरच्या कापडावर पडले.

बेंगळूरूची मराठी वस्ती तर जुनीच. 1638 मध्ये हे शहर आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. इथल्या जुन्या पेठांत नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजाची घरे आहेत. घरात मराठी, दारात कानडी आणि पिढीजात धंदा शिवणाचा नाहीतर रंगाचा. हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच आहे. डिसेंबरात पहाटे गारठा पडतो आणि जूनपासून संध्याकाळी बोचरे वारे सुटते. नागपूरच्या उन्हाळ्यात कुंची नुसती बारशापुरती उरते. इथे ती रोज उपयोगी पडते.

कारखान्यात बाळांचे कपडे आज कसे शिवतात ते पाहायचे तर शहराच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा आहे. बाहेरच्यांना ते औद्योगिक वसाहतीमुळे आणि नारायणा हृदयालयामुळे माहीत असते, ऑगस्ट 2025 पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक म्हणूनही. या रस्त्याला बोम्मनहळ्ळीपासूनच कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची रीघ लागते आणि मशीनवर बसणाऱ्यांत बायकाच जास्त. एक बाई दिवसभर फक्त खांदा जोडते, दुसरी फक्त गळपट्टी लावते. परदेशी बाळांचे कपडे ज्या लाईनवर शिवतात तिथले नियम कडक असतात. सुई तुटली तर काम थांबवून तिचे सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटवायचे, मगच नवी सुई मिळते. तयार पीस धातू ओळखणाऱ्या यंत्राखालून जातो. आणि युरोपचे ईएन 14682 हे मानक सांगते की सात वर्षांखालच्या मुलाच्या कपड्याला टोपीशी किंवा गळ्याशी ओढायची दोरी नको. झोपाळ्यात, घसरगुंडीत, दारात दोरी अडकून मुले दगावली, त्यातून हे नियम आले.

इथे मात्र कुंचीला उत्तर द्यावे लागते, कारण तिच्या मानेशी परंपरेने बंद असतात. शेजारी राहणाऱ्या धारवाडच्या अज्जींनी त्यांची जुनी कुंचिगी मला दाखवली, तेव्हा तिला बंदही होते आणि टोकाला काचेच्या मण्यांची झुंबरेही. त्या म्हणाल्या, पूर्वी बाळ एकटे कधी नसे, सतत कुणाच्या तरी मांडीवर असे. हे खरे आहे. सोसायटीतल्या घरात आज आई, बाबा आणि बाळ एवढेच असतात, आई दोन मिनिटे स्वयंपाकघरात गेली की बाळ एकटे. म्हणून कारखान्यातला नियम घरच्या कुंचीलाही लागू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंपरा जपण्यासाठी गळ्याशी दोरी बांधायची काहीच गरज नाही. चुण्या नीट घेतल्या आणि घेर पाठीवर नीट पडला तर कुंची बंदावाचूनही डोक्यावर राहते. फार तर हनुवटीखाली कापडाची रुंद पट्टी आणि जरा ओढले की सुटणारे मऊ वेल्क्रो.

आजच्या बाजारातल्या कुंच्या पाहून मात्र मला फार वाईट वाटते. बारशासाठी म्हणून नकली पैठणीच्या मिळतात. त्यांत नायलॉनची जर, आत कडक कॅनव्हास, वर गोंदाने चिकटवलेले मणी आणि आरसे असतात. फोटो छान येतो आणि बाळ रडते, कारण जर गालाला कापते आणि कापडातून हवा जात नाही. त्या कापून शिवलेल्या असतात, त्यामुळे उसवून पुन्हा वापरताही येत नाहीत. एका दुपारपुरत्या विकत घेतात आणि कपाटात टाकतात. जी वस्तू एका धाग्याचाही अपव्यय होऊ नये म्हणून जन्मली, तिचे असे होणे बरे नाही.

एका संध्याकाळच्या कामात घरी चांगली कुंची होते. बोम्मसंद्र्याहून मेट्रोने निघून आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गाची गाडी घेतली की चिकपेटच्या कापडबाजारात उतरता येते. तिथे सुती खण मागा. आणल्यावर आधी दोनदा धुवा, रंग जातो का ते पाहा. अस्तराला घरातली जुनी मऊ सुती साडी घ्या. डोक्यापासून मानेच्या चुण्यांपर्यंत सात इंच पुरतात. मशीन नसले तर उलटी टाच घाला, कडा तुरपाईने बसवा, गाठ अस्तर आणि खण यांच्या मध्ये राहील असे पाहा. गोंडा हवाच असेल तर सुताचा, घट्ट शिवलेला. सुया किती घेतल्या आणि किती परत डबीत गेल्या ते मोजा. बाळ झोपले की कुंची उतरवून ठेवा. झोपेत चेहऱ्यावर कापड येता कामा नये, आणि 2022 पासून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरात झोपणाऱ्या बाळाला टोपी नको असेच सांगते. कुंची आहे ती न्हाणानंतर बाळाला कडेवर घेण्यासाठी, गारठ्यात बाहेर नेण्यासाठी आणि बारशासाठी. आणि घरात बाळ येणार असेल तर आत्याला आतापासून सांगा, विकत आणू नकोस, शिव.