माजून : हकिमाच्या बरणीपासून मैफलीपर्यंत

माझ्या लहानपणी हकीमसाहेबांच्या दवाखान्यात माजूनच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. पुढे उर्दू शिकवायला लागलो तेव्हा समजले, की हा शब्द अरबी ‘अज्न’ या धातूचा. अज्न म्हणजे मळणे, कालवणे. मधात किंवा पाकात औषधांची पूड कालवली की झाली माजून. ‘माजून-ए-फलासफा’ आजही विकली जाते, तिच्यात नशेचे काही नसते. मराठीत मात्र ‘माजूम’ म्हटले की भांगेचीच वडी आठवते.

कालवणे हाच तर घोळ आहे.

बाबराने आत्मचरित्रात 1519 सालचा एक प्रसंग लिहिला आहे. भेरा इथे झेलमच्या पात्रात नावेवर मैफल चालली होती. एका टोकाला माजून, दुसऱ्या टोकाला अरक, म्हणजे गाळलेली दारू. रात्री दोन्ही टोळ्या एकत्र आल्या आणि आरडाओरडा, बरळणे इतके वाढले की मैफल मोडावी लागली. माजून आणि दारू यांची संगत जमत नाही, असे तो स्वच्छ लिहितो. बाबर बोलतोय मैफलीबद्दल, पण एकाच पोटात ही संगत झाली तरी तेच. 1527 मध्ये खानवाच्या लढाईआधी त्याने दारूची तौबा केली, प्याले फोडून टाकले. माजून मात्र सोडली नाही. आपल्याकडे ‘शराब हराम, पण ही तर पत्ती’ म्हणणारे भेटतात, तेव्हा मला हा बादशहा आठवतो.

गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 च्या पुस्तकात भांगेत काय काय घालत ते लिहून ठेवले आहे. जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कस्तुरी, आणि काही जण अफूसुद्धा. मसाल्याच्या यादीत अफू किती सहज बसली आहे, बघा!

इंग्रज सरकारच्या 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाचा निष्कर्ष, की बेताने घेणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, आजही लोक तोंडावर फेकतात. त्याच अहवालात धोत्रा मिसळण्याच्या चालीची वेगळी आणि वाईट नोंद आहे, ती कुणी सांगत नाही. धोत्र्याच्या बियांनी तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते, माणूस समोर नसलेल्यांशी बोलू लागतो. त्याला भांग ‘कडक’ झाली असे वाटते. प्रत्यक्षात ते दुसरेच विष असते.

शिवाय खाल्लेली भांग उशिरा चढते, कधी तास-दोन तासांनी. ‘काहीच होत नाही’ म्हणून तेवढ्यात वर दारू घेतली जाते, आणि दारूमुळे भांगेचा अंमल रक्तात आणखी वाढतो. अफू किंवा झोपेच्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वासच मंदावतो.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी असाच दवाखान्यात होता. डॉक्टर सारखे विचारत होते, ‘भांगेबरोबर आणखी काय घेतले?’ उपचार त्यावर ठरणार होते. सोबतची चारही मुले बापांच्या धाकाने गप्प. अर्ध्या तासाने एकाने मला जिन्यात गाठले आणि खिशातले गोळ्यांचे रिकामे पाकीट माझ्या हातात ठेवले. मी धावत वर गेलो.

मुलगा वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य, ‘सर, पत्तीच तर होती.’