रक्तदाब उतरला, पण कशामुळे?

भातकापणीच्या दिवसांत पेंढा उचलायला हात घालावा आणि लाल विंचवाने नांगी मारावी, हा कोकणातला जुनाच अनुभव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्गात हा विषय काढून पाहा, सांगायला कितीतरी हात वर होतील. पुष्कळदा दंशाच्या जागी असह्य वेदना होतात आणि काही तासांनी ओसरतात. पण काही रोग्यांना, विशेषतः मुलांना, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. नंतर धाप लागते, फुप्फुसांत पाणी साठते आणि रक्तदाब घसरतो.

अशा वेळी रक्तदाब चढवणारे इंजेक्शन द्यावे, हे उत्तर सरळ वाटते. ते इथे का चालत नाही, याचा इतिहास आपण पाहू.

१८९४ साली लंडनमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला. रक्तवाहिन्या आकसल्या आणि रक्तदाब झपाट्याने चढला. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने व त्यांचे सहकारी केइझो उएनाका यांनी अमेरिकेत या अर्कातले द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. तेच अ‍ॅड्रेनॅलिन. त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे चेतातंतूंच्या टोकांतून स्रवते, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले. जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो, तेव्हा आज अतिदक्षता विभागात नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच शिरेतून थेंबाथेंबाने देतात.

आता शेतातल्या पंपाचा विचार करू. नळीच्या टोकाशी पाण्याचा जोर कमी पडला, तर विहिरीत पाणी कमी असेल, नळी फार रुंद असेल किंवा पंप थकला असेल. रक्तदाबाचेही तसेच आहे. रक्तस्राव वा जुलाबांनी रक्तातला द्रव घटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात किंवा हृदय दुबळे होते. मापकावरचा आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसेल, उपाय मात्र निराळे. विंचूदंशात यांपैकी काय होते?

याचा उलगडा रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या महाड तालुक्यात झाला. १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशी बसून ते तासातासाने नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवू लागले. त्यांची ही निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. मग शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात भरमसाट ओतते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब आधी चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि मग रक्तदाब उतरतो. म्हणजे रक्तदाब चढवणारे औषध रोग्याला आधीच मिळालेले असते, तेही नको तितके. नळ्या आणखी आवळणारे इंजेक्शन दिले, तर थकलेल्या हृदयावर ओझे वाढेल.

डॉ. बावस्करांनी म्हणून उलट वाट धरली. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी आधी शिरेतून दिले. पण त्यावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागे. पुढे त्यांनी प्राझोसिनची गोळी वापरली. उच्च रक्तदाबावरची ही स्वस्त गोळी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम रोखते. हा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले.

याचा अर्थ इंजेक्शने निरुपयोगी ठरली, असा नाही. हृदय फारच दुबळे झाले, तर त्याचे आकुंचन जोरदार करणारे डोब्युटामिन शिरेतून देता येते. घाम व उलट्यांनी गेलेला द्रवही भरून काढावा लागतो. चिपळूणचे डॉ. विवेक नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंचवाच्या प्रतिविषाचा अभ्यास केला व २००६ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. महाडला ७० रोग्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले.

प्रतिविष लवकर मिळाले तरच पुरता गुण येतो. म्हणून विंचू उतरवून घेण्यात गेलेला वेळ महागात पडतो. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की रोग्याला तडक दवाखान्यात न्यायचे, एवढे तरी आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असावे.

आणि शिकवताना आणखी एक गोष्ट सांगू या. मापकाने किती ते कळते, का ते कळत नाही. बिरवाडीत महागडी यंत्रे नव्हती. रात्र जागून ठेवलेल्या नोंदी होत्या आणि 'का' हा प्रश्न होता.