कमानपाटा

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या पिकअपचा मागचा उजवा कमानपाटा तुटला. गाडीत टोमॅटोचे क्रेट, रस्त्यात खड्डा की खड्ड्यात रस्ता ते कळेना, आणि गाडी एका अंगाला बसलेली. भावाचा फोन आला, ‘‘भाईजान, गॅरेजवर या. येताना पैसे घेऊन या.’’ मी गेलो. मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलली होती. जुना सेट खाली उतरवलेला, आणि मुख्य पाटा मधल्या बोल्टापाशी दुभंगलेला. मिस्त्रीनं विचारलं, ‘‘होता तसाच सेट टाकायचा, की एक पाटा वाढवून देऊ?’’ भावानं माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या बी.ए. झालेल्या माणसाला कमानपाट्यातलं काय कळतं? खरं सांगायचं तर, आधी मला त्यातला शब्दच कळला. कमान हा फार्सी शब्द. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. आपण तीरकमान म्हणतो तीच ही कमान. पुढे धनुष्यासारखा बाक असलेल्या दरवाजालाही आपण कमान म्हणू लागलो. पाटा मात्र आपल्या घरातला, वरवंट्याचा सोबती. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७च्या सुमारास, दरबारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबाराची भाषा बदलली. पण पुढे गाड्यांच्या कारखान्यात जेव्हा या वस्तूला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा कुठल्याही कोशाला न विचारता मिस्त्री लोकांनी अर्धा फार्सी आणि अर्धा मराठी असा शब्द जोडला. तो आजवर सुटला नाही. माझ्यासारख्या माणसाला या शब्दाविषयी जरा जास्तच जिव्हाळा वाटला, तर नवल नाही.

नाव अचूकच आहे. धनुष्य वाकवलं की ते जोर साठवतं आणि सोडलं की परत देतं. पाट्याचंही तेच. ताण जितका, तितका जोर हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७८ साली ग्रंथरूपानं मांडला. पण गाडीला एकच जाड धनुष्य का नाही लावत? कारण जाड पट्टी थोडी वाकली तरी तिच्या पृष्ठावर ताण फार येतो आणि ती तडकते. पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या, तर प्रत्येक पट्टी सुखानं वाकते आणि भार सगळ्या मिळून उचलतात. भाराचा जोर मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांकडे कमी, म्हणून खालचे पाटे क्रमानं आखूड होत जातात. वाकताना पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानं धक्काही थोडा मुरतो.

युरोपात पूर्वी घोडागाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असे. पुढे पोलादी कमानी आल्या. १८०४ साली लंडनच्या ओबादाया इलियट या गाड्या बनवणाऱ्यानं लंबवर्तुळाकार कमानींवर थेट पेटी बसवण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे गाडीखालचा लांबलचक जड दांडा गेला, गाडी हलकी आणि बुटकी झाली. आपल्याकडे बैलगाडीला कमान नव्हती. तिच्यात बसणाऱ्याला प्रत्येक दगड मोजता येई. कमानीचं सुख सामान्य माणसाला भेटलं ते टांग्यात. आगगाडीच्या डब्यांखालीही हेच पाटे होते. १९०८ साली फोर्डनं आपली ‘टी मॉडेल’ मोटार काढली, तिला पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे कमानपाटे होते.

मग आली जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बनवलेल्या या गाडीच्या चारी चाकांवर पाटे होते. तिच्या भारतातल्या जन्माची गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली, तिचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’. १९४७ साली या कंपनीनं भारतात जीप आणली. त्याच वर्षी फाळणी झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला आणि दुसरा महिंद्र आला. पाटीवरचं नाव बदललं. गाडीखालचा कमानपाटा मात्र दोन्ही नावांखाली तोच राहिला.

१९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरचे ट्रक रस्त्यावर आले. अॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या चाकांवरही पाटेच होते. पुढे मोटारींनी गुंडाळीच्या स्प्रिंगा स्वीकारल्या, पण ओझ्याच्या गाड्यांनी पाटा सोडला नाही. तो स्वस्त, दणकट, आणि धुरा जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. शिवाय कुठल्याही गावातला मिस्त्री तो उतरवू शकतो.

आता मिस्त्रीच्या प्रश्नाकडे येतो. या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात १९८२ सालीच मिळालं होतं.

अब्बा टेम्पो चालवायचे. नाशिक भागातला कांदा मुंबईला न्यायचे. हप्ते थकले तेव्हा त्यांनी मागे दोन-दोन पाटे वाढवले. गाडीची मागची बाजू ताठ उचलली गेली, आणि त्यांना वाटलं, गाडीची ताकद वाढली. गोण्या वाढल्या. मी सहावीत होतो. एका पहाटे कसारा घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. अब्बांनी दरीऐवजी डोंगराच्या अंगाला गाडी घातली. ते वाचले. आमच्याच गल्लीतला, सतरा वर्षांचा क्लीनर होता, त्याचा उजवा हात गेला. पाटे शाबूत होते. एकही तुटला नव्हता. अब्बा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, ‘‘पाटा तुटला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला गावातच थांबवलं असतं.’’

ही गोष्ट मी भावाला सांगितली नाही. त्याचा तेव्हा जन्म व्हायचा होता, पण ती त्यानं लहानपणापासून ऐकलेली आहे. मी फक्त म्हणालो, ‘‘होता तसाच.’’ भाऊ म्हणाला, ‘‘एका पाट्यानं काय होतं?’’ उत्तर मिस्त्रीनंच दिलं, आणि मला तो माणूस आवडला. म्हणाला, ‘‘पाटा वाढला म्हणून धुरा वाढत नाही, ब्रेक वाढत नाही, टायर वाढत नाही.’’

मग तो नवा सेट निवडू लागला, आणि मी बघत बसलो. जुन्या पाट्यांची संख्या, रुंदी आणि जाडी त्यानं मोजली. जाडीला फार महत्त्व. पाटा आठऐवजी दहा मिलिमीटरचा केला, तर त्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. फार ताठ गाडी रिकामी असताना उड्या मारते, चाक रस्ता सोडतं. मग त्यानं डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी घेतली. मधला बोल्ट नेमका मध्यावर आहे की पुढेमागे, ते पाहिलं. बुशचं माप घेतलं. एकच बाजू तुटली होती, तरी त्यानं दोन्ही बाजूंना नवे सेट घ्यायला लावले, कारण एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी कलते. यू-बोल्टही नवे घेतले. शॅकलचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळले.

मी विचारलं, ‘‘जुने पाटे भट्टीत लाल करून परत बाक देता येत नाही का?’’ तो हसला. ‘‘देता येतो. पण त्याचं पाणी जातं.’’ विळ्याला पाणी देतात तसं पाट्याच्या पोलादालाही दिलेलं असतं, तापवून, तेलात बुडवून, परत बेतानं तापवून. भट्टीत तो नुसता लाल केला की बाक येतो, लवचीकपणा परत येत नाही.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयानं शुल्क आकारून जादा माल वाहू देण्याच्या पद्धतीला चाप लावला. २०१९च्या दुरुस्तीनं जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार झाला. तरी गॅरेजात तो प्रश्न आजही विचारला जातो, कारण हप्ता भरायचा असतो आणि भाडं वाढत नसतं. माझा भाऊही त्यातलाच. त्या दिवशी त्याच्या एका खेपेचं नुकसान झालं, आणि पुढच्या प्रत्येक खेपेत तो दहा-बारा क्रेट कमी भरतो. मला दर महिन्याला ऐकवतोही.

मी ऐकून घेतो. मिस्त्रीचे सगळे पैसे त्या दिवशी मीच दिले होते, आणि तुटलेला मुख्य पाटा घरी आणला होता. तो अंगणात अब्बांच्या जुन्या खाटेखाली ठेवला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)