ब्रह्मा घाट आणि उंबरठ्याआडची मारहाण

काशीतील ब्रह्मा घाट व दुर्गा घाट हा परिसर मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. पेशवाईत ही वस्ती भरभराटीस आली. परंतु काशीतील महाराष्ट्रीय पांडित्याची परंपरा त्याहून जुनी. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) महाराष्ट्रात आचारधर्माचा प्रमाणग्रंथ ठरला. मराठी घराला निर्णय पुरवणारे हे नगर विधवांचे आश्रयस्थानही होते. सुधारणेची दृष्टी या दुसऱ्या काशीकडे वळली. नांदत्या पत्नीचे दुःख मात्र घरातच राहिले.

त्या दुःखाला शास्त्राची मुभा होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्येची गणना पुत्र, दास व शिष्य यांच्यासह ताडनास पात्र व्यक्तींत केलेली आहे. दोरीने किंवा बांबूच्या कांबीने, पाठीवरच मारावे, मस्तकावर नव्हे, अशी मर्यादा तेथे सांगितली आहे. मर्यादा घालताना मारण्याचा अधिकार गृहीतच धरला गेला.

या अधिकाराची दुसरी बाजू संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) सतराव्या शतकात नोंदवली. कीर्तनश्रवणाच्या ओढीमुळे वैदिक पतीकडून झालेली मारहाण त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत येते. विशेष हे की, त्यांनी पातिव्रत्य नाकारले नाही आणि मारही लपवला नाही.

एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) विधवेला कादंबरीचा विषय केले. काशीत भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८७४ मध्ये स्त्रियांसाठी ‘बालाबोधिनी’ काढली. तिचा भर सुगृहिणी घडवण्यावर होता. तिच्या शेजारी ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) ठेवली की अंतर स्पष्ट होते. स्त्रीने कसे वागावे, हा प्रश्न बाजूस सारून ताराबाईंनी पतीच्या वर्तनाचाच जाब मागितला. न्यायालय मात्र घराच्या बाजूने उभे राहिले. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये, पतीकडे जा अन्यथा तुरुंगवास भोगा, असा आदेश मिळाला. १८८८ मध्ये तडजोड झाली. तत्त्व अनिर्णित राहिले.

पतीच्या क्रौर्याला १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८-अ या कलमाने स्वतंत्र गुन्हा मानले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने (२००५) स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. रखमाबाईंच्या वेळी घर हे पत्नीवर लादलेले कर्तव्य होते; या कायद्याने ते तिचा हक्क ठरवले. विधवेला काशीची वाट दाखवणाऱ्या आणि सधवेला उंबरठ्याआड सोसायला लावणाऱ्या परंपरेला दिलेले हे उत्तर, उशिराचे असले तरी, मूलगामी आहे.