कशापासून पाकिटापर्यंत

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या दृष्टीसमोर राजेरजवाडे आले नाहीत. आला तो आजोबांनी स्वहस्ते शिवलेला चामड्याचा कसा.

कमरेस बांधावयाच्या या पिशवीचे एके काळी मोठे महत्त्व होते. चांदीचा रुपया तोळाभर वजनाचा. असे पन्नास रुपये बाळगावयाचे तर कापड किती दिवस टिकणार? १९१७ साली सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढे नोटांचा प्रचार वाढला, तसतसा कसा मागे पडून खिशात ठेवावयाचे पाकीट आले. वस्तू बदलली, चामड्याची परीक्षा मात्र तीच राहिली.

कातडे कमावण्याचे काम ढोर-कक्कय्या बांधवांचे, शिवण आपली. चुन्याच्या पाण्यात केस सैल करून काढावयाचे, मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात कातडे मुरवावयाचे. पुष्कळदा कातड्याचीच पिशवी शिवून तीत काढा भरून ती टांगून ठेवीत. यास आठवडेच्या आठवडे लागत. हिरडा तर आमच्या सह्याद्रीच्या रानातलाच. क्रोमच्या क्षारांनी हेच काम थोड्या दिवसांत उरकते. ते चामडे वाईट असे नव्हे, मऊ असते. परंतु सालीत मुरलेले कातडे वापराने जसे रंगास चढते, तसे ते चढत नाही.

सेवानिवृत्तीच्या दिवशी आम्हांस एक चकचकीत पाकीट भेट मिळाले. मुळशीच्या एकाच पावसाळ्यात त्याचा पापुद्रा सुटून आतले कापड दिसू लागले. देणाऱ्यांचा काय दोष? पाकिटाची कड पाहावी, हे इतकी वर्षे शिकवूनही आम्ही त्यांस कधी शिकविले नव्हते. कडेस तंतू दाट दिसले तर ते चामडे. रंगाचा थर आणि कापड दिसले तर सोंग. दुसरी गोष्ट शिवणीची. यंत्राच्या टाक्याचा एक धागा तुटला की शिवण उसवत जाते. मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुया समोरासमोर घालून घेतलेला टाका एके ठिकाणी तुटला तरी शेजारचा धरून राहतो.

आजोबांचे गाव आज मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांची नावे इतिहासात राहिली, आणि राहावीतच. १९२४ पर्यंत लढा संपला. जमिनीचा मोबदला बिघ्यागुंठ्यांत मोजता येतो. खळ्यावर मिळणारे चांभाराचे बलुते, ते सूपभर आंबेमोहोर भात, कोणत्या मापाने मोजावे? गावच नाही, तर बलुते कोणाकडे मागावे? आजोबा रापी, आरी व ऐरण पोत्यात घालून पुण्याच्या वाटेस लागले. हा कसा त्याच वर्षीचा. वडील पुढे पौडास परतले, आणि हत्यारांबरोबर तोही परतला.

गेल्या वर्षी त्याच्या एका कोपऱ्याची शिवण सुटली. आमच्या मुलांपैकी कोणी आरी धरलेली नाही. आम्हीही ती शाळेच्या नोकरीपायी केव्हाच खाली ठेवली होती. तरी थरथरत्या हाताने आम्हीच दोन सुया घातल्या. आमचे नऊ टाके बसले. तेवढ्याच जागेत आजोबांचे चौदा आहेत.